कपाटाची किल्ली कोणाकडे?

प्राथमिक शाळेत गेलो की मी मुख्याध्यापकांना आधी एकच प्रश्न विचारतो : पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? पुस्तके किती आहेत हे विचारणे मी सोडून दिले आहे, कारण तो आकडा नोंदवहीत असतोच आणि सहसा बरोबर असतो. किल्लीचे उत्तर मात्र प्रत्येक शाळेत वेगळे मिळते. कुठे ती टेबलाच्या खणात असते, कुठे रजेवर गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये. आणि एखाद्या शाळेत ती सुतळीत ओवून कपाटालाच लटकवलेली असते, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतक्या खाली. या शाळेत ग्रंथालय आहे की नुसती पुस्तके आहेत, हे एवढ्यावरून बरेचसे कळते.

एका द्विशिक्षकी शाळेत असे कपाट माझ्यासमोर उघडले गेले. कुलूप गंजले होते, तेल घालावे लागले. आत डांबरगोळ्यांचा वास, आणि पाठीला पाठ लावून दाबून बसवलेली दीडएकशे पुस्तके. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का, त्याखाली लाल शाईने दाखल क्रमांक. मी एक पुस्तक उचलून उघडले तर पाने एकमेकांना चिकटलेली; सोडवताना करकर आवाज झाला. छापखान्यातून आल्यापासून ते कोणी उघडलेच नव्हते. मुले भोवती गोळा झाली. दुसरीतल्या एका मुलीने त्यातले एक पुस्तक दोन्ही हातांत धरून आधी नाकाशी नेले, मग चित्रावरून बोट फिरवले आणि बाईंकडे बघून विचारले, "हे आपल्या शाळेचंय?" दोन वर्षे ती त्याच खोलीत, त्याच कपाटाला पाठ टेकून बसत होती.

यात बाईंचा आळस होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी मला जी नोंदवही दाखवली, तिचे नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. बाक, घंटा, फळा, वजनकाटा आणि गोष्टीची पुस्तके, सगळे एका रांगेत. मुख्याध्यापक बदलला की चार्ज देता-घेताना एकेक वस्तू मोजून घ्यायची. पुस्तक कमी भरले तर विचारणा होणार, आणि किंमत कित्येकदा शिक्षकाच्याच खिशातून जाणार. वजनकाटा कपाटात ठेवला म्हणून कोणी ओरडत नाही, पण हरवला तर ओरडतात. पुस्तकालाही तोच न्याय लागला. ते वाचले गेले नाही म्हणून आजवर कोणाला नोटीस आलेली नाही. तेव्हा जबाबदार माणूस कुलूपच लावणार. शाळेतल्या ग्रंथालयाचा प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात या नोंदवहीपासून करावी लागते.

कारण पुस्तके शाळेपर्यंत येतच नाहीत, असे आता म्हणता येत नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला द्यायचे, असे ठरले. त्या साहित्यात पुस्तकेही होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्टच आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्र, नियतकालिके, सर्व विषयांवरची पुस्तके आणि गोष्टीची पुस्तके मिळतील. गोष्टीच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख कायद्याच्या मजकुरात आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. पुढे समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. आला नाही तो फक्त ग्रंथपाल. आपल्याकडे ग्रंथपालाचे पद माध्यमिक शाळेपासून पुढे. पहिली ते चौथीच्या शाळेत दोन वर्ग एकत्र घेणारे, पोषण आहाराचा हिशेब लिहिणारे आणि मतदार याद्या करणारे गुरुजीच ग्रंथपाल.

शाळेला ग्रंथालय हवेच कशाला, याचे सर्वांत रोखठोक उत्तर मला बडोद्याच्या इतिहासात सापडते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड गादीवर आले तेव्हा त्यांना अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच. वाचायला ते बारा वर्षांचे झाल्यावर शिकले. १८९३मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६मध्ये ते संस्थानभर लागू केले. मग एक अडचण ध्यानात आली. मूल चार इयत्ता शिकते, शाळा सोडते, शेतावर किंवा मागावर जाते, आणि घरात-गावात वाचायला काहीच नसल्यामुळे काही वर्षांत शिकलेले विसरते. शाळेवर केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणून १९१०मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. राजवाड्यातला खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. तिथे मुलांसाठी वेगळे दालन केले. गावाने जेवढी वर्गणी काढायची तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी वाचनालयाची योजना केली. जिथे वाचनालय होऊ शकत नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. आजच्या शाळांमधली 'पुस्तकपेटी' या पेट्यांची नात लागते.

सयाजीरावांचा मुद्दा शंभर वर्षांनंतरही तसाच उभा आहे, फक्त तो आता शाळेच्या आतच आला आहे. २०२२च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८मध्ये हा आकडा ५०.५ होता. मधल्या दोन वर्षांत करोनामुळे शाळा बंद होत्या, हे खरे. पण शाळा चालू असतानाही निम्मीच मुले वाचत होती, हेही तितकेच खरे.

इथे वाचण्याची क्रिया जरा जवळून पाहिली पाहिजे. दुसरीचे मराठीचे पुस्तक पातळ असते, आणि ते वर्षभर पुरवायचे असते. दिवाळीपर्यंत निम्म्या वर्गाला धडे पाठ होतात. गुरुजी म्हणतात, "वाच", आणि मूल पुस्तकाकडे न बघता घडाघडा म्हणते. बोट मात्र ओळीखालून सरकत असते, आणि कधी कधी तोंड एका ओळीवर नि बोट दुसऱ्या ओळीवर असते. हे पाठांतर आहे. वाचता येते की नाही ते कळण्यासाठी मुलाच्या हातात त्याने कधी न पाहिलेला, पण त्याला झेपेल असा मजकूर पडावा लागतो. आज एक, परवा दुसरा, पुढच्या आठवड्यात तिसरा. एवढा मजकूर पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. ते त्याचे कामही नाही.

आपल्या मराठीत तर याची गरज जास्तच. आपण अभिमानाने म्हणतो की मराठी जशी लिहितो तशी वाचतो. लहान मुलाच्या बाजूने पाहिले तर ते पुरते खरे नाही. 'चार मुले' यातला 'च' आणि 'गुरांचा चारा' यातला 'च' कागदावर एकच आहे, तोंडात वेगळा. 'सारे जग' आणि 'शंभर वर्षे जग' यांतला 'जग' हा शब्द अक्षरश: तोच, पण उच्चार दोन. 'जरा थांब' मधली 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा' यांचेही तसेच. तक्त्यावरची बाराखडी कितीही घोटली तरी हे कळत नाही. शब्द ओळखीचा असावा लागतो, वाक्याचा अर्थ पुढून-मागून लागावा लागतो, मगच योग्य उच्चार तोंडी येतो. म्हणजे मूल अर्थ लावत लावत वाचते. आणि अर्थ लावायची सवय गोष्टीतून लागते, कारण गोष्टीत पुढे काय होणार याची ओढ असते. म्हणूनच जे शिक्षक रोज दहा मिनिटे मुलांना पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवतात, त्यांच्या वर्गातली मुले वेगळी ओळखू येतात. त्यांच्या कानात लिखित भाषेची लय बसलेली असते. 'एके काळी', 'इतक्यात', 'तरीही', 'जणू' हे शब्द बोलण्यात फारसे नसतात. ते कानावर पडतात ते गोष्ट वाचून दाखवली जाते तेव्हा.

'दिवास्वप्न' या गिजुभाई बधेकांच्या छोट्या पुस्तकात हे सगळे आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंनी बालशिक्षणाचे प्रयोग केले; आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत काम करून मग कोकणात, कोसबाडला आल्या. 'दिवास्वप्न' मधला शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि पहिले बरेच दिवस फक्त गोष्टी सांगतो. नंतर तो पालकांना सांगतो की प्रत्येकाने तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी ते पैसे एकत्र करून वेगवेगळी पुस्तके आणू. त्यातून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. साधा हिशेब आहे : चाळीस मुलांनी एकच पुस्तक चाळीसदा विकत घेतले तर वर्गात एक पुस्तक येते, चाळीस वेगळी घेतली तर चाळीस. आज पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, त्यामुळे पालकांकडे पैसे मागायचेही कारण नाही. पण 'वर्गाचे ग्रंथालय' ही कल्पना मला अजून फार मोलाची वाटते. लहान मुलांसाठी ग्रंथालय त्यांच्या वर्गातच असावे, हाताच्या अंतरावर. वेगळी खोली, तिथे ओळीने जायचे, तोंडावर बोट ठेवून बसायचे, हा मोठ्यांच्या ग्रंथालयाचा शिरस्ता आहे.

'तोत्तोचान' तर मराठी शिक्षकांनी मनापासून आपलेसे केलेले पुस्तक. तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यात आपल्या लहानपणीच्या टोकियोतल्या तोमोए शाळेची हकिगत सांगितली आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या या शाळेत एके दिवशी आणखी एक डबा येतो, आणि मुख्याध्यापक कोबायाशी सर त्याचे ग्रंथालय करतात. कोणीही कोणतेही पुस्तक घ्यावे, अमुक इयत्तेने अमुकच वाचावे असे नाही, घरीही न्यावे, असे ते मुलांना सांगतात. अमुक इयत्तेचे अमुक पुस्तक हा नियम आपल्याकडे इतका मुरलेला आहे की चौथीतल्या मुलाने पहिलीचे चित्रांचे पुस्तक उचलले की आपण चटकन म्हणतो, "ते लहानांचं आहे, ठेव खाली." त्याला कदाचित तेवढेच वाचता येत असेल, आणि ते वर्गासमोर कबूल न करता वाचायची ही त्याची एकमेव संधी असेल.

निवडण्याचा हक्क हा मला शाळेच्या ग्रंथालयाचा गाभा वाटतो. मुलाच्या दिवसात त्याने स्वत: ठरवलेले असे काय असते? गणवेश, बाकावरची जागा, धडा, खिचडीची वेळ, सगळे दुसऱ्याने ठरवलेले. पुस्तकांसमोर उभे राहून 'हे नको, ते हवे' म्हणणे ही शाळेतली विरळा मोकळीक आहे. मुले निवडतात कशी, हे थोडा वेळ नुसते उभे राहून पाहावे. ती पाठपट्टीवरचे नाव वाचत नाहीत. मुखपृष्ठ पाहतात, मधली चित्रे पाहतात, अक्षरे मोठी आहेत का बघतात, आणि मित्राने काय घेतले ते हमखास बघतात. म्हणून पुस्तके पाठीला पाठ लावून उभी करणे प्राथमिक शाळेत उपयोगाचे नाही. भिंतीला आडवी दोरी बांधून त्यावर पुस्तके मधोमध उघडून टांगली की तीस मुखपृष्ठे एकदम दिसतात. या 'दोरीवरच्या वाचनालया'ला दोन खिळे आणि दहा हात सुतळी लागते. कपाटापेक्षा ते शंभर पटीने चांगले चालते.

पुस्तके कोणती घ्यावीत, यावर वेगळे प्रकरण होईल, तरी थोडे सांगतो. पहिली-दुसरीसाठी पानावर एक-दोन वाक्ये आणि बाकी चित्र अशी पुस्तके सगळ्यांत जास्त लागतात, आणि नेमकी तीच सगळ्यांत कमी घेतली जातात. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात ना! माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' सारखी पुस्तके, नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची चित्रपुस्तके असायलाच हवीत. तिसरी-चौथीत वाचायची चटक लागली की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कामाला येतो. तो एकदा वर्गात शिरला की त्याच्यासाठी रांग लागते. बालभारतीचे 'किशोर' १९७१पासून निघते आहे. त्याचे जुने अंक रद्दीत टाकू नयेत, त्यांवर वार लिहिलेला नसतो. थोरांची चरित्रे मात्र आपण गरजेपेक्षा फार जास्त घेतो. मुले ती वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी शोधतात. कोंबडी, भूत, भांडण, पाऊस, आजी, खाऊ यांची पुस्तके ती एरवी शोधतात.

आणि एक मोठी उणीव. मेळघाटातल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. ते मूल शाळेत येते तेव्हा दोरीवरची सगळीच पुस्तके त्याला परक्या भाषेत बोलतात. बाजारात त्याच्या बोलीतली पुस्तके फार थोडी. अशा ठिकाणी पुस्तक शाळेतच तयार करावे लागते. मुलांनी आजीकडून गोष्ट ऐकून यायची, जाणत्या मुलांनी ती देवनागरीत उतरवायची, लहानांनी चित्रे काढायची, पाठकोऱ्या कागदांवर लिहून मधोमध दाभणाने शिवायची आणि त्यालाही दाखल क्रमांक द्यायचा. दाखल क्रमांक मी मुद्दाम सांगतो आहे. तो मिळाला की आजीची गोष्ट छापील पुस्तकांच्या पंगतीला बसते, आणि मुलांना ते बरोबर समजते.

हे सगळे चालवणार कोण? मुलेच. गुरुजींना वेळ नाही, ही सबब नसून वस्तुस्थिती आहे. पण तिसरी-चौथीतली दोन मुले आठवडाभर ग्रंथपाल होऊ शकतात. नोंदवहीत प्रत्येक मुलाचे एक पान. पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटी एक चौकोन : आवडले तर हसरा चेहरा, नाही तर नुसता गोल. पहिलीतले मूल लिहू शकत नसेल तर त्याने पुस्तकाचा क्रमांक बघून उतरवावा. अंक गिरवण्याचा तोच खरा सराव. मी पाहिले आहे की हे छोटे ग्रंथपाल गुरुजींपेक्षा कडक असतात. "दोन दिवस जास्त झाले, आधी ते आण," असे चौथीतली ताई बजावते तेव्हा भावाचीही सुटका नसते. परिपाठात रोज एका मुलाने वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन वाक्ये सांगावीत. सारांश विचारू नये, तात्पर्य तर नकोच. तात्पर्य विचारले जाणार हे कळले की मूल पातळ पुस्तक निवडते.

पुस्तके फाटणार, हे गृहीत धरावे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला पहिलाच असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात. हे सांगावे लागले, कारण एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला जखडून ठेवत. आपले कुलूप त्या साखळीचेच भावंड. शाळेत दर महिन्याला एक 'दुरुस्तीचा तास' ठेवावा : सुटलेली पाने डिंकाने लावायची, पाठीला जाड कापडाची पट्टी, वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर. पारदर्शक चिकटपट्टी टाळावी. दोन वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. कोकणात पावसाळ्यात पुस्तके बंद कपाटात ठेवली तर बुरशी धरतात, आणि हातात फिरती राहिली तर बऱ्यापैकी टिकतात. घट होते ती होऊ द्यावी. सरकारी हिशेबात त्यासाठी शब्दही आहे, 'निर्लेखन'. निरुपयोगी झालेली वस्तू रीतसर नोंदवहीतून कमी करता येते. शाळा व्यवस्थापन समितीसमोर यादी ठेवावी, ठराव करावा, चार्ज देतानाचा घोर मिटतो. एका मुख्याध्यापकांनी अशी यादी मला दाखवली होती. बाकांपुढच्या शेऱ्यात 'मोडके', घड्याळापुढे 'बंद', आणि बावीस पुस्तकांपुढे त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात एकच शेरा : 'वाचून फाटले'.

राहिली सुट्टी. मे महिना लागला की कपाट सीलबंद होते आणि जूनमध्ये उघडते. मुलांना सगळ्यांत जास्त वेळ असतो तेव्हाच पुस्तके आत. निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाला तीन पुस्तके देऊन पाठवावे, एवढे एक जरी झाले तरी वर्षभराच्या 'वाचन प्रेरणा' कार्यक्रमांपेक्षा जास्त वाचन होईल. याहून अवघड आहे ती ऊसतोडणीला जाणाऱ्या मुलांची सुट्टी. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांच्याबरोबर पुस्तक द्यायचे म्हणजे ते गेलेच, असे समजून कोणी देत नाही.

एका शिक्षिकेने दिले होते. टोळीची गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी चौथीतल्या एका मुलाच्या पिशवीत त्यांनी फास्टर फेणेचे एक पुस्तक टाकले आणि नोंदवहीत 'आणल्याची तारीख' हा रकाना रिकामा सोडला. एप्रिलमध्ये मुलगा परत आला. कोपीत चुलीशेजारी राहिल्यामुळे कव्हर काजळले होते, शेवटची चार पाने सुटली होती, पण ती कव्हराच्या आत नीट घडी करून ठेवलेली होती. पुस्तक टेबलावर ठेवून त्याने एवढेच विचारले, "बाई, ह्याचं पुढचं हाये का?"

शाळेत पुढचे नव्हते. बाईंनी त्याच दिवशी केंद्रशाळेत फोन लावला.